हॉलंडच्या बाईंचे जादा दहा दिवस

मुरबाड तालुक्यात घड्याळावर जगलेलं माणूस माझ्या माहितीत एकच, आणि तेही हॉलंडहून आलेलं होतं. बाकी आम्ही सगळे जीप भरली की निघणारे आणि भात शिजला की जेवणारे. बाईंचं तसं नव्हतं. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी त्या आमच्या ओट्यावर येत, सव्वासहाला दात घासत आणि साडेसहाला चहाला बसत. त्या वेळी चूलच पेटलेली नसली तरी तक्रार करत नसत, मनगटावरचं घड्याळ फक्त कानाला लावून बघत. आपलंच घड्याळ बंद पडलं असेल असं समजणारं इतकं सभ्य माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

ही नव्वदीच्या दशकातली हकिगत. आमच्या गावच्या मुलींच्या वसतिगृहात वर्षभर बिनपगारी इंग्रजी शिकवायला एका संस्थेनं त्यांना पाठवलं होतं. वय साठीच्या घरात, लग्न केलेलं नाही, आणि उंची अशी की गावातल्या प्रत्येक चौकटीनं त्यांच्या कपाळाशी ओळख करून घेतली. स्वतःच्या देशात त्यांनी तीस वर्षं ट्राम चालवली होती. उतरल्या आमच्याकडे, कारण पक्का संडास तेव्हा गावात फक्त आमच्या घरी होता. आमची दुसरी काही पात्रता नव्हती. वडील गेल्यावर घरात आई, धाकटी बहीण सुमन आणि मी. सुमन मुरबाडला शिवणक्लासला जाणारी, मी कल्याणला नोकरीला, सकाळी जाऊन दिवे लागल्यावर येणारा. त्यामुळे बाई खऱ्या अर्थानं राहिल्या त्या आईपाशी.

दर शनिवारी त्या मुरबाडला पत्रं टाकायला जात. परतीची जीप चौदा माणसं बसल्याखेरीज हलत नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं, आणि तीस वर्षांच्या ट्रामवालीला ते सोसेना. पण रुसून बसायच्या ऐवजी त्या माणसं गोळा करायला लागल्या. बाजारात कोण कुठल्या गावचं हे त्यांना महिन्याभरात पाठ झालं. सुक्या मासळीचा भाव करत बसलेल्या म्हातारीची पिशवी उचलून "चल गो, टाइम झाला!" म्हणत त्या तिला जीपमध्ये नेऊन बसवत. म्हातारीची मासळी तशीच राही, पण गोऱ्या बाईनं आपली पिशवी उचलली या मानापुढं मासळीचं काय! जीपवाला तर पुढं पुढं टपरीवरून उठेनासाच झाला. "माजी गाडी बायच भरते," असं सगळ्यांना सांगे आणि पुढची जागा त्यांच्यासाठी राखून ठेवी.

मराठी त्या आईकडून शिकल्या, म्हणून बोलल्या तेही आईसारखंच. शाळा तपासायला आलेल्या साहेबांना त्या "बस रे, पानी पी" म्हणाल्या, आणि साहेब मुकाट बसले आणि पाणी प्याले. कामांची यादी त्या डाव्या हातावर पेनानं लिहून ठेवत. आईच्या हातावर जुनं गोंदण होतं. "माजं एकदाच लिवलं, हिचं रोज लिवायला लागतंय," असं म्हणून आई हसायची. चिंचांच्या दिवसांत दोघी दुपारभर ओट्यावर चिंचा फोडत. आई आपल्या बोलीत गतकाळच्या सासुरवासाचं सांगे, बाई त्यांच्या डच भाषेत बहुधा ट्रामचं सांगत, आणि दोघी एकमेकींच्या गोष्टीला अगदी नेमक्या जागी चुकचुकत. "तुला काय कळतं गं त्यांचं?" असं मी एकदा विचारलं. आई म्हणाली, "तिला कुठं लागलंय ते कलतंय. बाकीचं कशाला पायजे?"

जायला दीड महिना उरला तेव्हा बाईंच्या यादीला हात पुरेना. गावातल्या प्रत्येक घरी निरोपाचा चहा घ्यायचा असं त्यांनी ठरवलं. रोज दोन घरं, दर घराला पंचवीस मिनिटं. वेळापत्रकाचा कागद आमच्या ओट्याच्या खांबावर डकवला. पण आमच्याकडे पाहुणा दारात आला की मग दूध शोधायला माणूस निघतो. दूध असतं शेजारणीकडे आणि शेजारीण असते विहिरीवर. चुलीवर आधण चढेपर्यंत बाईंची पंचवीस मिनिटं संपलेली असत, आणि त्या उठल्या की घरातल्या बाया हात धरून खाली बसवत. पहिल्या आठवड्यातच वेळापत्रक सहा घरं मागं पडलं. मग बाई दुधाची बाटली बरोबर घेऊन हिंडू लागल्या. गावाला ते चांगलंच झोंबलं. दोन घरांनी तर चहा केलाच नाही, सरळ कोंबडा कापला, आणि एकेका कोंबड्याला अडीच तास लागले. त्यानंतर बाईंनी खांबावरचा कागद स्वतःच्या हातानं काढला आणि चुलीत घातला. यांना जावंसं वाटत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्यातच सुमनचं लग्न ठरलं. मुलगा शहापूरकडचा, भातसानगरला धरणावर नोकरीला, स्थळ उत्तम. तारीख मात्र पडली बाईंच्या विमानानंतर सहा दिवसांनी. दुसऱ्या दिवशी आई आणि बाई राब भाजायला शेतावर गेल्या. वाफ्यावर शेण आणि पालापाचोळा पसरून जाळतात, पुढं त्याच राखेत भाताची रोपं उगवतात. दोघी तोंडं काळी करून परत आल्या. हातपाय धुताना बाई म्हणाल्या, "त्यात भात येल. मी नाय." आई त्यांच्या हातावर पाणी घालत राहिली. मग मी एकटा असताना मला म्हणाली, "सुमी जानार ते जानारच रे. पन हीबी आदीच गेली, तर मांडव उठल्यावर या घरात मी कोनाच्या तोंडाकडं बगू?" तुझ्यासमोर मी उभा आहे, असं म्हणायची माझी छाती झाली नाही.

आम्ही बौद्ध. आमच्यात मुहूर्त बघत नाहीत, पत्रिका जुळवत नाहीत, त्यामुळे लग्न मागंपुढं करायला फक्त दोन घरांची तयारी लागते. आईनं मामाला आणि मला शहापूरला पिटाळलं. "बायला कलू देऊ नका. तिला वाटंल, आपल्यापायी सगल्यांना तरास." व्याही दिलदार निघाले. त्यांनी नऊ दिवस अलीकडची, म्हणजे विमानाच्या तीन दिवस आधीची तारीख दिली. संध्याकाळी आम्ही विजयी वीरांसारखे घरी पोचलो, तर बाईही नुकत्याच येऊन ओट्यावर बसलेल्या. पोस्टात जाते म्हणून गेल्या होत्या, त्या थेट मुंबईला जाऊन आल्या होत्या.

आईला दम निघेना. "बाय, लगीन अलीकडं घेतलं गो, तुज्यासाठी!"

बाईंनी पिशवीतून तिकीट काढून तिच्या मांडीवर ठेवलं. "मी विमान पलीकडं घेतलं. लग्नासाठी."

विमान सात दिवस पुढं गेलं होतं आणि तिकीट पुन्हा बदलून मिळणार नव्हतं. मामा कपाळावर हात मारून हसायला लागला. आई बोटं मोजत होती. "म्हंजे सुमी गेल्यावर धा दिवस तू हायस," असं म्हणून तिनं पदर तोंडाला लावला.

लग्न ठरल्या मिनिटाला लागलं. दुसरं होणार काय, बाई घड्याळ घेऊन लग्न लावणाऱ्यांच्या शेजारी उभ्या होत्या. पांढरी साडी नेसून त्यांनी पंचशील सगळ्या मांडवापेक्षा मोठ्यानं म्हटलं. सुमन निघाली तेव्हा मात्र हुंदके देऊन रडल्या त्या बाईच, आईच त्यांची समजूत घालत होती. पुढच्या दहा दिवसांत त्या कुठं गेल्या नाहीत. दोघी ओट्यावर चिंचा फोडत बसल्या, बहुतेक वेळ गप्पच. त्या वर्षीची चिंच आम्हाला तीन वर्षं पुरली.

बाई निघायच्या आदल्या दिवशी मी सुमनला आणायला गेलो. आमच्याकडे लग्न झालेली मुलगी पहिल्यांदा माहेरी येते ती आपली आपण येत नाही. भाऊ मुराळी होऊन तिला आणायला जातो, आणि तो येईपर्यंत ती वाट बघते. सुमन आली, बाई गेल्या, चार दिवसांनी सुमनही परत गेली. मी कामावर निघालो होतो, तेव्हा आईनं विचारलं, "सुमीला आनाया तू गेलास. बायला आनाया कोन जानार रे?"

"आई, तिथं विमानानं जावं लागतं."

"मंग? तुजा पास हाय ना?"

"तो कल्याणपर्यंतचा आहे," असं म्हणून मी हसलो. आई हसली नाही.

बाईंची पत्रं येत राहिली. सुमनला मुलगा झाला तेव्हा मुरबाडच्या उन्हाळ्यात दोन जाडजूड लोकरी स्वेटर आले. पत्र इंग्रजीत असे, पण खाली वेड्यावाकड्या मराठी अक्षरांत दर वेळी एकच ओळ असे, 'मी कदी येऊ?' मी उत्साहानं उलट लिहीत असे, 'केव्हाही या, घर तुमचंच आहे.' आईला वाचून दाखवलं की ती गप्प बसे. काही वर्षांनी आई गेली. मी बाईंना कळवलं. त्यांचं चार पानी पत्र आलं, आणि मी आधी शेवटचं पान उलटून पाहिलं. ती ओळ नव्हती. 'केव्हाही या' असं आपण पाहुण्यांना म्हणतो. बाई इतकी वर्षं पाहुणी म्हणून विचारत नव्हत्या, हे आईला कळत होतं, मला कळलं नाही. मी आणायला जायला हवं होतं.