सायमनबद्दल चार शब्द

मेलबर्नला उतरले तेव्हा माझ्या बॅगेत मेतकूट, गोडा मसाला आणि कुळथाचं पीठ होतं. तिन्ही मी विमानातल्या फॉर्मवर इमानदारीत लिहिली होती. माझ्या पुढच्या बाईंनी काहीच लिहिलं नव्हतं, त्यांची बॅग टेबलावर उलटीपालटी झाली. माझा मसाल्याचा डबा अधिकाऱ्याने उघडला, हुंगला, "स्मेल्स ग्रेट" म्हणाला आणि मला सोडून दिलं. खरं सांगितलं की या देशात काही बिघडत नाही, असा समज मी तिथल्या तिथे करून घेतला.

बाहेर सायमन उभा होता. सायमन मूळचा वसईचा. चाकणच्या कारखान्यात दोन वर्षं माझ्या हाताखाली होता, पॅकिंग मशिनवर. मग तो ऑस्ट्रेलियाला आला आणि तीन वर्षांनी त्याच्याच सांगण्यावरून मी अर्ज केला, एका सॉस बनवणाऱ्या कंपनीत, क्वालिटीच्या कामासाठी. घरचे सगळे पुण्यातच. मी एकटी, एक्केचाळीस वर्षांची, दोन बॅगा घेऊन आलेली.

"वर्षा मॅडम!" तो लांबूनच ओरडला.

"मॅडम म्हणालास तर याच विमानाने परत जाईन. वर्षा म्हण."

"बरं मॅडम," तो म्हणाला. अरे कर्मा!

त्याचं घर टार्निटला. विमानतळावरून गाडीने निघालो तर रस्ता संपेना आणि आभाळही संपेना. ऑगस्टची थंडी, पिवळं सपाट गवत, आणि अचानक शेकडो घरं, सगळी करड्या रंगाची, सगळ्यांना तशीच गॅरेजं. पहिल्या आठवड्यात पाय मोकळे करायला गेले आणि परतताना दुसऱ्याच्याच दाराची बेल वाजवली. दार उघडणारे पंजाबी काका अजिबात दचकले नाहीत. "होता है बेटा, मेरे साथ भी हुआ था," म्हणाले आणि चहाला आत बोलावलं.

सायमनची बायको फ्लोरी. तिने मला मागच्या खोलीत ठेवून घेतलं, टार्निटमध्येच भाड्याची खोली मिळेपर्यंत, दीड महिना. रविवारी चर्चच्या मिसाहून आले की ती फुगे (तळलेले गोल पाव) करायची आणि सोबत मटणाचा लालभडक रस्सा. मी अंडंसुद्धा न खाणाऱ्या घरातली. पहिल्या रविवारी मेतकूट-भात खाल्ला, दुसऱ्या रविवारी नुसते फुगे, तिसऱ्या रविवारी रस्सा. "ताई, आईला फोन करून सांगू का?" फ्लोरी डोळे मिचकावायची. त्यांची नऊ वर्षांची रिया मराठी सगळं समजायची, पण उत्तर इंग्रजीत. माझं काहीही काम सांगितलं की, "नो वरीज, आंटी!"

सायमनची कंपनी माझ्या कंपनीच्या पलीकडेच होती, म्हणून सुरुवातीला मी त्याच्याच गाडीने कामाला जायचे. वाटेत तो मला इथलं शिकवायचा. आर्व्हो म्हणजे दुपार. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आणि हॉर्न वाजवायचा नाही, तो शिवीसारखा असतो. पुढे माझी गाडी आली तेव्हा पहिल्याच दिवशी मी पुणेरी सवयीने चौकात हॉर्न दिला. समोरच्या माणसाने गाडी थांबवली, काच खाली केली आणि मला नीट समजेल अशा सावकाश इंग्रजीत शिवी दिली. वसंतात घरटी राखणाऱ्या मॅगपाय पक्ष्यांनी डोक्यावर चोची मारल्या त्या वेगळ्याच. फ्लोरीने मला रियाचं सायकलचं हेल्मेट घालून स्टेशनला पाठवलं होतं. मी गेलेसुद्धा!

कामाची गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापाशी येतं. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लाइनवर बाटल्यांची लेबलं वाकडी लागू लागली. चूक माझीच, मीच चुकीचा रोल लावून दिला होता. मी मुकाट्याने लाइन थांबवली, रोल बदलला, वाकड्या बाटल्या वेगळ्या काढून पुन्हा लेबलं लावली. वीस मिनिटांत सगळं सुतासारखं सरळ. मनातून मी फार खूश होते. शॅरन माझी वरिष्ठ, साठीची, हातावर पोपटाचं गोंदण. तिला हे दुसऱ्या कुणाकडून तरी कळलं.

"दुरुस्त केलंस ते चांगलंच केलंस," ती म्हणाली. "पण मला का नाही सांगितलंस?"

"सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं."

इथे वरिष्ठसुद्धा सगळ्यांना मेट, म्हणजे दोस्त म्हणतात. "मेट, चुकणारी माणसं मला चालतात. लपवणाऱ्यांची भीती वाटते. हे लोकांच्या पोटात जातं."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. त्या दिवसापासून सकाळच्या मीटिंगमध्ये भिंतीवरच्या फळ्यावर मी माझ्या चुका स्वतःच्या हाताने लिहू लागले. आठवडाभर शरम वाटली, मग वाटेनाशी झाली. आपण इथे रुळलो, असं मी आईला फोनवर सांगितलं.

इथला उन्हाळा संपता संपता, फेब्रुवारीत, सायमनची कंपनी बंद झाली. म्हणजे कंपनी राहिली, त्याची लाइन गेली. इथे त्याला रिडंडंट म्हणतात (तुमची गरज उरली नाही, असं सभ्यपणे सांगणं). आमचे दोघांचेही व्हिसे कंपनीच्या नावावर. काम गेलं की ठरावीक मुदतीत दुसरी कंपनी शोधायची, नाहीतर बाडबिस्तरा गुंडाळायचा. रियाला तर वसई जेमतेम आठवत होती.

महिन्याभरात त्याला एका बिस्किटांच्या कारखान्याने दोनदा मुलाखतीला बोलावलं. व्हिसाही द्यायला तयार होते. उरला फक्त रेफरन्स चेक. इथली ही रीत मला तेव्हा पुरती ठाऊक नव्हती. नोकरी देण्याआधी तुमच्या जुन्या वरिष्ठांना फोन करून अर्धा तास खोदून खोदून विचारतात. त्याच्या इथल्या साहेबाने चांगलं सांगितलं होतं. दुसरं नाव सायमनने माझं दिलं.

"वर्षा, तूच माझं काम सर्वांत जवळून बघितलंयस," तो म्हणाला. "चार शब्द चांगले सांग."

"चार? चाळीस सांगते!"

फोन आला तेव्हा माझी गाडी दुरुस्तीला होती, म्हणून कामावरून ट्रेनने येऊन मी टार्निट स्टेशनच्या फलाटावर नुकतीच उतरले होते. बाईंचा आवाज गोड होता. मी बाकावर बसले आणि सायमनचं मनापासून कौतुक केलं. वक्तशीर आहे, शिकण्याची हौस आहे, मशिनचा आवाज ऐकून बिघाड ओळखतो.

"त्याच्या हातून चूक झाली तर तो काय करतो?" त्यांनी विचारलं. "एखादा प्रसंग आठवतो?"

आठवतो म्हणजे काय! माझ्याकडे एकदम हुकमी प्रसंग होता. चाकणला एकदा सायमनकडून पाकिटं सील करायचं तापमान कमी राहिलं आणि शे-दीडशे खोकी कच्च्या सीलची भरली गेली. हा पठ्ठ्या रविवारी, सुट्टीच्या दिवशी एकटा आला. प्रत्येक खोकं फोडलं, प्रत्येक पाकीट दाबून बघितलं, नव्याने सील केलं. सोमवारी सगळं जागच्या जागी. कुणाला कानोकान खबर नाही. मलासुद्धा सहा महिन्यांनी त्यानेच लाजत सांगितलं, आणि मी त्याची पाठ थोपटली होती. हे सगळं मी त्या बाईंना रंगवून सांगितलं.

"म्हणजे त्याने कुणाला कळवलं नाही?"

"नाही ना! तेच तर!" मी म्हणाले.

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. मग, "राइट. थँक यू, वर्षा. खूप उपयोग झाला."

मी गुणगुणत घरी गेले. जिभेला हाड नसतं ते असं! दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये माझी पाळी आली, मार्कर हातात घेतला, फळ्यावर लिहायला लागले, आणि 'कळवलं' या शब्दापाशीच थांबले. मी काय सांगून बसले होते? आदल्या दिवसापर्यंत इथल्या रीतीवर तोंड वर करून बोलणारी मी, आपल्या माणसाचं कौतुक करायची वेळ आली तेव्हा थेट चाकणला जाऊन पोचले होते.

त्याच दुपारी त्या बाईंना परत फोन करता आला असता. नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. पण मी म्हटलं, सारवासारव केली तर संशय वाढेल. मग म्हटलं, त्यांनी मनावर घेतलं नसेल. मग म्हटलं, उद्या करू. खरं कारण एवढंच, की मला लाज वाटत होती. चार दिवसांनी सायमनला नकार आला.

त्यानंतर दोन महिने त्याने जंग जंग पछाडलं. सिडनीला वेंटवर्थव्हिलमध्ये एका मित्राकडे राहून मुलाखती दिल्या, ब्रिस्बेनला जाऊन आला. प्रत्येक रविवारी फ्लोरी मला जेवायला बोलवायची आणि मी जायचे. सांगायचंच, असं ठरवून जायचे आणि रस्सा खाऊन यायचे. शेवटी मुदत भरली. विमानतळावर रिया हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती. सायमनने माझा हात धरला. "तू खूप केलंस आमच्यासाठी," म्हणाला. मी तेव्हाही बोलले नाही.

डिसेंबरात सुट्टीवर पुण्याला आले आणि तिसऱ्याच दिवशी वसई गाठली. सायमन आता वसई पूर्वेला एका छोट्या कारखान्यात होता. घराच्या मागे केळीची वाडी, ओट्यावर सुकेळी (उन्हात वाळवलेली केळी) पसरलेली. फ्लोरीने मिठी मारली. रियाने "हाय आंटी" म्हटलं आणि आत निघून गेली. शाळेत तिला सगळ्या मुली ऑस्ट्रेलिया म्हणून हाक मारतात, फ्लोरी म्हणाली.

जेवण झाल्यावर सायमन मला वाडी दाखवायला घेऊन गेला. विहिरीपाशी मी थांबले.

"सायमन, त्या बिस्किटवाल्यांना मी..."

"खोक्यांची गोष्ट सांगितलीस," तो म्हणाला.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"त्यांनी फोनवर कारण सांगितलं होतं. तो रविवार तुझ्याशिवाय कुणाला माहीत होता?"

"आणि तू दोन महिने मला घरी जेवायला बोलवत होतास?"

"तू चांगलंच सांगायला गेली होतीस गं. तुला बोलून काय मिळालं असतं?" त्याने एक सुकलेलं पान ओढून काढलं. "फक्त फ्लोरीला कळू देऊ नकोस. तिला वाटतं, त्यांच्याकडे जागाच भरली नाही. तुझ्यावर फार जीव आहे तिचा."

त्याने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रडले, तो कानकोंडा होऊन पंपाकडे बघत उभा राहिला, मग आम्ही घरात गेलो. फ्लोरीने माझ्यासाठी सुकेळी बांधून ठेवली होती. "फॉर्मवर लिही हं ताई," म्हणाली.

परत आले त्याला आता बरेच दिवस झाले. टार्निटचे रस्ते पाठ झालेत, घर चुकत नाही. परदेशी कामाला गेलेला माणूस तिथली रीत शिकतो ती स्वतःपुरती, हे मला दुसऱ्याच्या संसारावर शिकायला मिळालं, आणि ते भरून देता येईल असं मला काही सुचलेलं नाही. फ्लोरीचा दर रविवारी फोन येतो. ती रियाचं सांगते, पावसाचं सांगते, आणि फोन ठेवताना आवाज खाली आणून न चुकता विचारते,

"ताई, सायमनसाठी तिकडे कुणाकडे शब्द टाक ना. तुझं ऐकतात ते."

"टाकते," मी म्हणते.