पायांवर उभी राहणारी बाटली

आमच्या घरात कोणतीही वस्तू एकदाच वापरून टाकत नाहीत.

बाबांची खाकी पॅन्ट आधी माझी झाली, मग बाजाराची पिशवी झाली, मग पायपुसणं झाली, आणि आता तिच्या शेवटच्या पट्टीने सायकलचं कॅरिअर बांधलेलं आहे. फ्रिज बंद पडला तेव्हा तो भंगारात गेला नाही, भांड्यांचं कपाट झाला. (पाहुणे अजूनही थंड पाण्यासाठी तो उघडतात आणि त्यांच्या पायावर कढई पडते.) त्यामुळे मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मोठ्या उत्साहाने मायला सांगायला गेलो, की आताची रॉकेटं इंटरनेटचे उपग्रह वर सोडतात, परत येतात, पायांवर उभी उतरतात आणि पुन्हा वापरली जातात, तेव्हा तिने तांदूळ निवडणं थांबवलंसुद्धा नाही.

"मंग? आंधी काय करत होते?"

"आधी समुद्रात पडू द्यायचे."

"आख्खं रॉकेट?"

"हाव."

"अन् शिकलेले लोक हायेत म्हने!"

आमच्या घरातून डिग्रीच्या कॉलेजात जाणारा मी पहिलाच. म्हणून मी काहीही बोललो तरी बाबा ते फार मनावर घेतात. बाबा ग्रामपंचायतीच्या नळाला पाणी सोडतात. मोताळा तालुक्यातल्या आमच्या लहानशा गावात सकाळी कोणत्या आळीत किती धार पडेल, हे त्यांच्या हातातला पाना ठरवतो. मी मात्र बुलढाण्याच्या कॉलेजात दोन वर्षांत वर्गासमोर एक वाक्य बोललो नव्हतो. मग एक दिवस सेमिनारसाठी सरांनी वर्गावरून नजर फिरवली. बाकी सगळ्यांनी वेळेत खाली पाहिलं. मला थोडा उशीर झाला.

"संघपाल, तू बोल. पुन्हा वापरता येणारं रॉकेट आणि इंटरनेटचे उपग्रह. मॉडेल कर."

विषय ऐकून घरात सर्वात जास्त आनंद वैशालीताईला झाला. आमच्या गावात मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या तिसऱ्या पायरीवर येते. दुसरीवर नाही, चौथीवर नाही! त्या पायरीवर बसून ताई सुमेधशी बोलायची. सुमेध चिखलीला एका लॅबमध्ये रक्त तपासतो. ताईचा नर्सिंगचा कोर्स संपायला एक वर्ष होतं. आधीची दोन स्थळं म्हणाली होती, आता शिक्षण पुरे. सुमेध म्हणाला होता, "कोर्स पुरा कर, नोकरीही कर." तेवढं वाक्य पूर्ण ऐकायला ताईला तीनदा फोन लावावा लागला होता. पण ते ऐकल्यापासून तिला दुसरं कोणी नको होतं.

अडचण एकच होती. सुमेधचे मामा.

सुमेधला वडील नाहीत. घरातला शेवटचा शब्द उंद्रीच्या मामांचा. त्यांनी आयुष्यभर बस चालवली, आणि माणसांकडेही ते आरशात पाहिल्यासारखे तिरपे पाहतात. त्यांची एक पद्धत सगळ्या नात्यागोत्यात माहीत होती. स्थळ पाहायला गेल्यावर नकार द्यायचा असेल, तर मामा त्या घरचं पाणीसुद्धा तोंडाला लावत नाहीत. होकार असेल तर पोटभर जेवतात. आतापर्यंत सुमेधसाठी पाहिलेल्या घरांतून ते कोरड्या घशाने उठले होते. आता रविवारी सकाळी ते आमचं घर पाहायला येणार होते.

आणि माझा सेमिनार सोमवारी होता.

शनिवारी मी मॉडेल पूर्ण केलं. थंड पेयाची मोठी बाटली उलटी धरली, तिला चंदेरी कागद गुंडाळला, आणि तोंडाच्या बाजूला प्लॅस्टिकच्या पाइपचे तीन भक्कम पाय चिकटवले. अर्धी बाटली पाणी भरायचं, बुचातून सायकलच्या पंपाने हवा भरायची. बूच निघालं की पाणी जोरात खाली आणि रॉकेट वर! बाबांच्या जुन्या छत्रीच्या कापडाचं पॅराशूट केलं. उपग्रहांचा प्रश्न मायने सोडवला. खरे उपग्रह चपटे असतात, एकावर एक रचून नेतात, हे ऐकल्यावर ती म्हणाली, "म्हंजे पापडच की!" आणि तिने डबीच्या झाकणाने उडदाचे रुपयाएवढे पापड पाडून दिले. ते आणि पॅराशूट मी वरच्या पुठ्ठ्याच्या टोपीत बसवले. टोपी काढून माळ्यावर ठेवली आणि ताईला सांगून झोपलो, "सकाळी बाटलीत अर्धं पाणी भरून ठेव."

सकाळी ताईने साडी चार वेळा नेसली आणि पाण्याचं विसरून गेली.

इकडे मायने पाहुण्यांसाठी मठ्ठा केला होता. तो तिने घरातल्या सगळ्या रिकाम्या बाटल्यांत भरून, ओलं पोतं टाकलेल्या पाण्याच्या टबात ठेवला. (फ्रिजमध्ये भांडी होती.) शेवटी थोडा मठ्ठा उरला आणि बाटली उरली नाही. तेवढ्यात तिला कोपऱ्यात माझं रॉकेट दिसलं. "पोट्ट्याले अक्कल आली," ती म्हणाली, "बाटलीले पाय लावले. आता कलंडत नाई!" तिने त्यात अर्धी बाटली मठ्ठा भरला, झाकण घट्ट लावलं आणि तीन पायांवर टबात उभं केलं.

हे सगळं मला नंतर कळलं. तुम्हाला आधी सांगून ठेवतो, कारण मला कोणीच सांगितलं नव्हतं.

अकराच्या सुमारास पाहुणे आले. मामा, सुमेध आणि सुमेधची आई. मामांचा सदरा-पायजमा इतका पांढरा आणि कडक होता, की ते खुर्चीवर बसले तेव्हा कपड्यांचा आवाज आला. ताईने पाण्याचा ट्रे पुढे केला.

"पानी पिऊन आलो," मामा म्हणाले.

ताईने भरलेले पेले तसेच आत नेले. बाबा घाईने म्हणाले, "मंग चहा ठेवू?"

"चहा सोडला म्या."

"मठ्ठा घेता? थंडगार हाय."

"नाई. दाताले लागते."

सुमेधने मान खाली घातली. आतल्या दारामागून मायचा सुस्कारा इतका मोठा आला, की पडदा हलला. बाबांना घाम फुटला. आणि घाम फुटला की बाबा माझी स्तुती करू लागतात.

"आमचा संघपाल रॉकेट बनवते!"

"दिवाळीचं?" मामांनी तिरपं पाहिलं.

"नाई नाई! इंटरनेटचं. वर जाते, उपग्रह सोडते अन् खाली येऊन पायावर उभं राह्यते. सांग बे त्याहिले!"

मी सांगितलं. म्हणजे सुरुवात केली. "ते... म्हणजे त्याचं असं आहे, मामा, की रॉकेट जे असतं ते..." इथपर्यंत मला आठवतं.

मामा म्हणाले, "मी जिंदगीभर बस चालवली. घाटात बस उभी कराची तं मानसाले घाम फुटते. अन् हे पोरगं म्हनते, आभायातून येऊन उभं राह्यते! दाखव बरं."

"आता?"

"काऊन? मुहूर्त पाह्याचा हाय काय?"

आता माघार घेतली तर ताईचं लग्न माझ्यामुळे मोडणार, असं मला वाटू लागलं. मी मायला विचारलं, "बाटली कुठं आहे?" ती म्हणाली, "टबात हाय." मी टबातून रॉकेट उचललं. हाताला जड लागलं. वा, ताईने पाणी भरलं, म्हणून मला भरून आलं. झाकण काढताना जिऱ्याचा वास आला. पण स्वयंपाकाचं घर आहे, जिऱ्याचा वास येणारच! मी बूच बसवलं, वर टोपी चढवली, अंगणात विटांवर रॉकेट उभं केलं आणि शेजारी कणकेची परात ठेवली.

"हे काय?" मामांनी विचारलं.

"समुद्रातलं जहाज. रॉकेट याच्यात उतरणार."

मामा खुर्ची उचलून परातीजवळ येऊन बसले.

"मामा, जरा मागे बसता का?"

"काऊन बे? मी काय भेतो काय?"

मी बाबांना म्हणालो, "वीस वेळा पंप मारा. जास्त नको, प्रेशर वाढेल."

"प्रेशरचं मले नको सांगू!" बाबा म्हणाले. साऱ्या गावाला प्रेशर देणारा माणूस. ते पंपावर वाकले. वीस झाले, पंचवीस झाले. मी ओरडलो, "बाबा, बस!" बाबा म्हणाले, "वरच्या आळीपर्यंत जाऊ दे!"

फट्ट!

रॉकेट गेलं. ते खरोखर गेलं! कडुनिंबाच्याही वर गेलं. मी ते मान वर करून पाहत होतो आणि माझ्या आयुष्यातला तो सर्वात सुंदर क्षण होता. मग मी मान खाली केली.

मामा दिसेनात. म्हणजे खुर्ची होती, खुर्चीत माणूस होता, पण कपाळापासून पायजम्यापर्यंत सगळं एकसारखं पांढरं, आणि अधूनमधून कोथिंबीर. एका कानावर हिरव्या मिरचीचा तुकडा. तेवढ्यात वरून उपग्रह यायला लागले. टप्. टप्. टप्. एक पापड मामांच्या खांद्यावर बसला, दुसरा मांडीवर.

"अगं माय!" दारातून माय ओरडली. "तळले तरी असते!"

ताई रडायच्या बेतात होती. मी मामांसमोर हात जोडून उभा राहिलो. "मामा, चूक झाली. ताईचा काही दोष नाही. नकार द्यायचा तर मला द्या..." (नकार मला कसा देणार, हे मलाही माहीत नव्हतं.) "पण ताईला..."

तेव्हा माझ्या डोक्यावर काहीतरी बसलं.

छत्रीचं कापड रॉकेटला घेऊन हळूहळू तरंगत खाली आलं होतं. एक पाय डाव्या कानाजवळ, एक उजव्या, एक कपाळावर. मी हात जोडलेले तसेच ठेवले. हललो असतो तर पडलं असतं, आणि एवढं कष्टाने आणलेलं रॉकेट पाडायची माझी हिंमत झाली नाही.

मामांनी एक डोळा पुसला. बराच वेळ माझ्या डोक्याकडे पाहिलं, या वेळी सरळ.

"उभं राह्यलं बे!" ते म्हणाले.

मग त्यांनी सवयीने मिशीवरून जीभ फिरवली. थांबले. पुन्हा फिरवली.

"हिंग कोनं टाकला?"

"म्या," दारामागून मायचा अगदी बारीक आवाज आला. "जास्त झाला काय?"

"नाई. हिंग बराबर हाय. मीठ जरासं कमी हाय."

सुमेधची आई इतका वेळ पदराने तोंड दाबून बसली होती. ती एकदम बोलली, "भाऊ! तुमी तं या घरचं तोंडात घेतलं!"

मामा चमकले. त्यांनी मिशीला हात लावला, बोटांकडे पाहिलं. सुमेधकडे पाहिलं, तो हसू दाबून लालबुंद झाला होता. दारातल्या ताईकडे पाहिलं. ताईने घाबरत घाबरत टॉवेल पुढे केला.

"आता गेलंच पोटात," मामा टॉवेल घेत म्हणाले, "तं उपाशी काऊन उठाचं? वाढा ताटं! अन् पोरी, कोर्स पुरा कर बरं. असा भाऊ हाय तं घरात नर्स पाह्यजेच!"

त्यानंतर अंगणात जो हशा झाला, तो वरच्या आळीपर्यंत गेला. बाबा सर्वात मोठ्याने हसत होते, आणि पंप अजून त्यांच्या हातात होता. मामा बाबांचा सदरा घालून जेवायला बसले, तीन वेळा भाजी घेतली आणि मठ्ठ्याच्या दोन बाटल्या संपवल्या. दाताला काही लागलं नाही.

सोमवारी मी सेमिनार दिला. सरांनी विचारलं, "इंधन कोणतं वापरलं?" मी प्रामाणिकपणे सांगितलं. वर्ग पहिल्यांदाच माझ्यामुळे हसला आणि मला भीती वाटली नाही, मात्र पुढच्या बाकावरच्यांनी वासामुळे जागा बदलली. रॉकेट मी घरी परत आणलं. मायने ते धुतलं, कागद सोलला, आणि आता त्यात फिनेल आहे. पाय मात्र तिने काढू दिले नाहीत.

ते रॉकेट पुन्हा काही उडालं नाही. पुन्हा वापरला जातो तो त्याचा किस्सा. ताईच्या साक्षगंधाला मामांनी तो माईकवरून सांगितला, हळदीला सांगितला, लग्नात जेवणाच्या पंगतीत दोनदा सांगितला. दर वेळी तो आधीपेक्षा थोडा जास्त वर जातो, आणि दर वेळी, तीन पायांवर, अगदी अचूक, माझ्याच डोक्यावर उतरतो.