रुसायला एक साहेब

पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. कचेरीत पुण्याकडचे नवे साहेब आले. माणूस हुशार, पण आमचं सगळं जुनं दफ्तर उर्दूत आणि साहेबांना उर्दूचा अलिफही ठाऊक नाही. मी निजामाच्या शाळेत शिकलेला. तेव्हा ठरलं की रोज सकाळी तासभर मी साहेबांसमोर बसायचं, जमिनीच्या जुन्या मिसली, म्हणजे फायली, वाचायच्या आणि त्यांना मराठीत सांगायच्या.

तो एक तास सोडला तर दिवसभर माझ्याशी बोलणारं कोणी नव्हतं. बायको पैठणजवळच्या गावी, अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आईपाशी. मी शहागंजात एका खोलीत. खाणावळीत लोक खाली मान घालून जेवत आणि उठून जात. रविवारी हर्सूलच्या तलावापर्यंत एकटाच चालत जायचो नि परत यायचो. सोमवारी पहिला शब्द तोंडातून निघायचा तो साहेबांसमोर.

बायकोला लिहिता येत नव्हतं. गावच्या मास्तरांना सवड झाली, तर ती त्यांच्याकडून पत्र लिहून घ्यायची. पत्र आलं की माझी मिसल रंगायची. कोणता जहागीरदार कोणाचा मेहुणा, कोणत्या विहिरीवरून भांडण जुंपलं, सगळं मीठमसाला लावून सांगायचो. साहेब पोट धरून हसायचे. पण पत्र नसलं, की माझं तोंड एवढंसं. लिहिलंय तेवढंच वाचायचं, विचारलं तेवढंच सांगायचं, मध्येच खिडकीबाहेर बघायचं. घरात रुसायला माणूस नव्हतं, म्हणून मी साहेबांवर रुसायचो. त्यांनी विचारावं, समजूत काढावी, असं वाटायचं. लाज वाटते सांगायला, पण वाटायचं.

त्यांनी विचारलंही. "अहो, हे काम जड जातंय का तुम्हाला?"

"काम आहे, साहेब. करायचंच," मी म्हणालो. असं तोडून बोलण्यात एक गोडी होती. उद्या ते पुन्हा विचारतील, याची मला खात्री होती.

त्या पावसाळ्यात रस्ते तुटले आणि महिना-दीड महिना पत्रच आलं नाही. तेवढे दिवस साहेबांनी माझं फुगलेलं तोंड पाहिलं. पुन्हा मात्र काही विचारलं नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी मी मिसल काखेत मारून निघालो, तर दारावरचा म्हातारा शिपाई म्हणाला, "आज तुमाला नाय बोलावलं. साहेब सोता वाचायलेत. चार महिने झाले, मौलवीसाब रोज फजरला, तांबडं फुटायला, बंगल्यावर येतेत उर्दू शिकवायला. तुमाला ठावं नाय व्हय?"

मी तरी आत गेलो. साहेब ओळीवर बोट ठेवून, अडखळत, एकेक शब्द लावत होते. मला पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"या, या. आता तुमची सुटका झाली. रोज तुमचा चेहरा पाहून मलाच अपराधी वाटायचं हो. म्हटलं, किती दिवस या माणसाला छळायचं?"

त्यांनी एक शब्द चुकीचा वाचला होता. तो सांगायला मी पुढं झालो आणि थांबलो. साहेब, मला वाचू द्या, एवढंच म्हणायचं होतं.

"मेहेरबानी, साहेब," मी म्हणालो आणि मिसल त्यांच्या टेबलावर ठेवून बाहेर आलो. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्याशी कोणी बोललं नाही.