भाजीच्या दुकानातलं हेरी

माझ्या मावसभावाने मला फसवलं, आणि माझ्या तोंडून एका म्हाताऱ्या बाईंना. सेलूला आमचं दोघांचं भाजीचं दुकान आहे. तो माल मांडतो, मी गिऱ्हाईक सांभाळतो.

माझी मुलगी वनस्पतिशास्त्र शिकते. झाडांच्या नावांपायी तिने लॅटिनचं एक जुनं पुस्तक आणलं आणि शेंगा सोलता सोलता मोठ्याने वाचू लागली. लॅटिनमध्ये 'काल'ला 'हेरी' म्हणतात, हे मला तिच्याकडून कळलं. शब्द मी लगेच उचलला, भावालाही शिकवला. "ही कालची का रे?" असं चारचौघांत विचारलं की गिऱ्हाईक ताज्या मालाकडेही संशयाने बघतं. म्हणून जुडी हातात घेऊन मी फक्त "हेरी?" म्हणायचो. भाऊ हो म्हणाला, की जुडी कालची आहे हे मीच गिऱ्हाइकाला सांगायचो आणि भाव उतरवायचो. काल संध्याकाळी उतरलेला माल 'हेरी वेस्पेरी'. तेही पुस्तकातलंच.

मुलगी हसायची. "बाबा, हेरी म्हणजे नुसतं काल. कालच्या भाजीले वेगळा शब्द आहे, हेस्टर्नुस."

"एवढा बोलेपर्यंत गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते," मी म्हणालो.

एक निवृत्त मास्तरीणबाई रोज आमच्याकडे येतात. त्यांना नीट दिसत नाही, माझ्या शब्दावर घेतात. मागच्या आठवड्यात त्यांनी मेथी मागितली. मी जुडी उचलली.

"हेरी?"

"नाई दादा."

"आजची हाय बाई, डोळे मिटून न्या," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ती जुडी परत आणून समोर ठेवली. वर चार हिरव्या काड्या, आत पिवळा चिकट पाला. कालची जुडी उकलून, वरून ताज्या काड्या लावून पुन्हा बांधलेली. बाई चिडल्या नाहीत. "भाऊ, कालची हाय म्हटलं असतं तरी नेली असती. डाळीत टाकली असती." मी दुसरी दिली. ती त्यांनी नाकाशी नेऊन हुंगली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्या गेल्यावर मी भावाला विचारलं.

"एका जुडीचं काय घेऊन बसले दादा? सारा बाजार असंच करून राह्यला."

"बाजाराचं सोड. मी तुले विचारलं होतं."

तो सांबारावर, म्हणजे कोथिंबिरीवर, पाणी शिंपडत राहिला.

माझं डोकं तापट आहे, हे मला माहीत आहे. त्या दिवशी मी पाण्याची बादली रस्त्यावर उपडी केली. आज शांतपणे लिहितो आहे. गिऱ्हाइकाशी मी घासाघीस करतो, दमसुद्धा देतो, पण शिळ्याला ताजं म्हणत नाही. या दुकानात मी काही कमावलं असेल तर ते एवढंच.

बाई उद्याही येतील. भावाने त्यांच्यासमोर उभं राहून सांगावं, ती जुडी कोणी बांधली. आणि मी विचारल्यावर 'नाई' काऊन म्हटलं, ते मला सांगावं.