रोवण्याच्या दिवसांत रेघेचा चढ

"रेघ तिरपी हाय का सपाट, हे पाहून हिच्या पोटात भात जाणार हाय का?" शेवंता माझ्या छपरीच्या दारात गरजत होती. "ऊठ कमल! धानाच्या बांधीत रोवायले बाया थांबल्या!"

"चिल्लावू नोको," मी म्हटलं. "सोमवारी तुह्या सुनेचा, या कमलचा, पुरवणीचा पेपर हाय. बीजगणित सुटलं तं अंगणवाडीत लागन ते."

असली भांडणं आमच्याकडे रोजचीच! दहावीच्या गणितात आपटलेल्या बायांना मी शिकवते. माझी शाळा चौथीत सुटली. बीजगणित नातीच्या जुन्या पुस्तकांतून एकटीनं शिकले, कोणाचे उपकार नाहीत. किस्से मात्र तणशीच्या ढिगासारखे. एक काडी ओढली की चार सोबत येतात.

कमलचंच घ्या. रेघ कोणतीही द्या, चढाच्या उत्तराआधी उणे चिन्ह ठरलेलं! मी सांगून थकले, डावीकडून उजवीकडे वर गेली तर धन, खाली गेली तर ऋण.

"पण आजी, पाणी वरच्या बांधीतून खालच्याच बांधीत जाते न? मी तसंच पाहतो."

"कागदावर पाणी नोको सोडू, बाई!"

पारबताचं दुसरंच. आडव्या रेघेचा चढ शून्य म्हटलं, तशी ती भडकली. "लेवल बांधीले शून्य? पाणी सारखं धरते, धान सारखं पिकते! तिले काऊन शून्य देऊन राहिली?"

हे मार्क नाहीत म्हटलं, तर ऐकते कुठे! स्वतःच्या हातानं पाटीवर शंभर लिहिलं अन् मगच खाली बसली.

मग आली उभी रेघ. तिथं भागाकारात खाली शून्य येतं, म्हणून लिहायचं, 'चढ निश्चित करता येत नाही.'

कमलचा चेहरा खुलला. "असं लिहिलं तं मार्क भेटते? मंग मी सगळ्याच रेघांले हेच लिहीन!"

तर त्या दिवशी कमल पाटीवर अर्ध्या उदाहरणात होती, अन् पहिल्यांदाच बरोबर चालली होती. शेवंतानं तिचं मनगट धरलं. शेवंताचा सगळा तोरा तिच्या रोवण्याचा! सडकेवरून जाणाऱ्यानं थांबून पाहाव्यात, अशा सरळ ओळी.

"आज एक बाई कमी पडली तं अर्धी बांधी राहते! हिच्या जागी कोन येईन?"

गावात रोवण्याला सगळ्या बायांना बोलावणं येतं, मला नाही. माझी ओळ एका कोपऱ्यातून निघते अन् कुठं पोचते ते देवाला ठाऊक. माझी ही वाकडी ओळ शेवंतालाही ठाऊक. मी उठले, पदर खोचला.

"चाल शेवंता, हिचं उत्तर निघेस्तोवर हिच्या जागी मी रोवतो!"