नव्व्याण्णव मेंढरं कोणी सांभाळली?

शांतवन भालेराव मास्तर तीस वर्षं उपदेश करताहेत आणि त्यातली निदान वीस वर्षं मी बाकावर डुलक्या काढल्या आहेत. खोटं कशाला बोलू? महिन्यातून एकदा आमचे धर्मगुरू पाळकसाहेब सुरगाण्याच्या मंडळीला उपदेश करायला जातात, त्या रविवारी आमच्या नाशिकच्या चर्चमध्ये उपदेश मास्तरांचा. तरुण पोरं त्या दिवशी मोबाइल पुरता चार्ज करून येतात.

शेवटी चर्चच्या कमिटीने मास्तरांना बजावलं, या रविवारी पोरांनी मोबाइल काढले तर तुमचा उपदेश कायमचा बंद. मास्तर हसले, पण चेहरा उतरला. बायको गेल्यापासून त्या एका रविवारसाठीच ते कोटाला इस्त्री करतात. मला वाईट वाटलं, पण कमिटीत हात मीही वर केला होता.

मास्तर तयारीला लागले. पोरांना आधुनिक काहीतरी हवं, आणि आधुनिक म्हणजे त्यांच्या मते वायफाय. ‘देवाचं नेटवर्क कधी जात नाही’ हे वाक्य रचून त्यांनी शनिवारी पंचवटीच्या भाजीबाजारात सुमनबाईंना ऐकवलं. सुमनबाई मेथी विकतात, चर्चशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पण दर शनिवारी मास्तरांची तालीम त्यांच्यासमोरच होते.

“हे काय रिचार्जच्या दुकानावानी?” सुमनबाई म्हणाल्या. “गोष्ट सांगा.”

मास्तरांनी नेहमीची सांगितली. शंभर मेंढरांतलं एक हरवलं, तेव्हा मेंढपाळ नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधायला गेला.

“आन् नव्व्याण्णव कोण सांभाळत व्हतं?”

मास्तर मेथी न घेताच घरी आले.

रविवारी त्यांनी वायफायचं नावही काढलं नाही. गोष्ट सांगितली, सुमनबाईंचा प्रश्न सांगितला आणि म्हणाले, “मला उत्तर येत नाही. तुम्हीच सांगा.”

कॉलेजात जाणारी दीपमाला ताडकन उठली. “एकासाठी बाकीच्यांना वाऱ्यावर सोडायचं, हा कुठला न्याय?”

“हरवलेली तू असतीस तर?” मागून बंटी ओरडला.

चर्चमध्ये नुसता गोंधळ. मोबाइल खिशातच राहिले आणि मी चक्क जागा होतो. पण दीपमाला काही बसेना. “मग उत्तर काय, मास्तर?”

मास्तर घाम पुसायला लागले. तेवढ्यात त्यांना दाराशी सुमनबाई दिसल्या. आपल्या प्रश्नाचं काय झालं ते बघायला त्या आल्या होत्या.

“सुमनबाई, भाजी कोणावर टाकून आलात?”

“शकुबाई बघती ना. शेजारीच बसती माझ्या. रोजचंच हाय ते, येकमेकींचं बघतो आमी.”

मास्तर खदखदून हसले. “मिळालं उत्तर! मेंढपाळाला शेजारी होते, म्हणून तो जाऊ शकला.” मग आमच्या बाकाकडे बघत हळूच म्हणाले, “आपण कोणाचे शेजारी आहोत?”

मी उगाच गीतांचं पुस्तक उघडलं.

“आवरा आता,” दारातून सुमनबाई म्हणाल्या, “शकुबाई माझी मेथी फुकट वाटल.”

संध्याकाळी कमिटी बसली. मास्तरांचा उपदेश चालू ठेवावा म्हणून पहिला हात मी वर केला. अट एकच घातली, उपदेश आधी सुमनबाईंनी ऐकलेला असावा.