शैलजा कुलथे उतार शिकते

दोह्यात चढ सापडेना, म्हणून शैलजा कुलथे मॉलच्या पार्किंगमध्ये गेली.

शुक्रवारची सकाळ होती. अबू हमूरमधला तो मॉल अजून उघडायचा होता आणि पार्किंगचा गोल गोल वर जाणारा रॅम्प रिकामा पडला होता. शैलजानं हेल्मेटचा पट्टा आवळला, गिअर हलका केला आणि सायकल वर घातली. दुसऱ्या मजल्यावर पोचते न पोचते तोच शिट्टी वाजली. सिक्युरिटीचा माणूस हात हलवत धावत आला.

"मॅडम, साइकिल अलाउड नहीं है इधर!"

त्याच्या छातीवरच्या पाटीवर नाव होतं, जालिंदर. शैलजानं सरळ मराठीत विचारलं, "कुठले तुम्ही?"

 त्याचा आवाज खाली आला. "माण तालुक्यातला जी. पर ताई, हितं सायकल न्हाई चालत. कुनी गाडी घातली अंगावर, तर माझी नोकरी जाईल."

"मॉल बंद असताना कोण घालतंय गाडी? तुमच्या सुपरवायझरना फोन लावा. मी बोलते."

सुपरवायझर केरळचा होता. तो आधी नाही म्हणाला, मग हसला आणि शेवटी म्हणाला की मॉल उघडायच्या आत काय ते उरका. तेव्हापासून दर शुक्रवार-शनिवारी ती तिथे जाऊ लागली. वरच्या मजल्यावर पोचायचं, ब्रेक दाबून धरत सावकाश खाली यायचं, पुन्हा वर. जालिंदर खुर्चीवर बसून चहा प्यायचा आणि तिच्याकडे बघून मान हलवायचा.

शैलजा मूळची नाशिकची. एका खासगी क्लिनिकमध्ये फार्मासिस्ट होती आणि वयाची पन्नाशी ओलांडून गेली होती. नवरा मधु रास लफानच्या गॅस प्रकल्पात इंजिनिअर. कंपनीच्या बसनं शिफ्टला जायचा आणि सुटीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपायचा. सायकलचा नाद तिला अफशांमुळे लागला. अफशां म्हणजे त्याच क्लिनिकमधली दातांची डॉक्टर, लखनौची. तिनं एकदा ओढूनच तिला अल थुमामाच्या सायकल ट्रॅकवर नेलं. पहिल्या दिवशी शैलजाला धाप लागून मळमळलं, पण वर्ष सरेस्तोवर ती सगळ्यांच्या पुढे असायची. उत्तरेकडून शमाल सुटला आणि डोळ्यांत वाळू जायला लागली की बाकीचे घरी वळत. ही त्या वाऱ्यात तोंड घालून पुढे जायची.

ग्रुपचा म्होरक्या जियाद. लेबनानचा, सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. जानेवारीत त्यानं सगळ्यांना सांगितलं, की जूनमध्ये आठवडाभर फ्रान्सला जायचं. नैऋत्येकडे, लो नदीच्या खोऱ्यात. आडवाटेचे रस्ते, दगडी गावं, रोज डोंगर.

"सपाटीवर पळणं वेगळं आणि हे वेगळं," तो म्हणाला. "कुणाला शंका असेल तर आत्ताच सांगा." आणि त्यानं बायकांकडे बघितलं.

"मला नाही शंका," शैलजा म्हणाली. "माझं नाव घाल."

घरी ईरानं, तिच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं, मोबाइलमधून डोकं वर काढलं. "आई, बी सीरियस. द हायेस्ट थिंग इन धिस कंट्री इज अ फ्लायओव्हर."

फ्लायओव्हरवर सायकलला बंदी होती. त्यावर शैलजानं शोधून काढलेला उपाय म्हणजे तो पार्किंगचा रॅम्प.

जूनमध्ये ते सगळे पॅरिसमार्गे तुलूझला उतरले आणि तिथून सायकली घेऊन खोऱ्यात शिरले. दोह्याच्या आठ पदरी रस्त्यांची सवय झालेल्या शैलजाला तिथला रस्ता खोटाच वाटला. एक गाडी जेमतेम जाईल एवढा. दोन्ही बाजूंना रचीव दगडांचे बांध, बांधाला शेवाळ, वर अक्रोडाच्या झाडांची सावली. तासाभरात त्यांना एकच ट्रॅक्टर दिसला आणि त्याच्या चालकानं स्टिअरिंगवरून बोट उचलून नमस्कार केला. बाकी सगळीकडे सायकलींच्या साखळ्यांचा आवाज आणि कुठूनतरी मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा.

पहिला मोठा चढ मोंतफेर गावाचा. नदीकाठावरून रस्ता कड्याला बिलगून वर जात होता आणि कड्याच्या टोकाला गाव. शैलजानं श्वास जुळवला आणि पायांना लय सापडली. एकेकाला मागे टाकत ती निघाली. जियादच्या बाजूनं जाताना त्याच्या तोंडून "यल्ला, यल्ला!" असं अरबी 'चल, चल' निघालं. गावाच्या जुन्या कमानीखाली ती सगळ्यांत आधी पोचली. तिथल्या नळाखाली तिनं डोकं धरलं. पाणी इतकं गार होतं, की ती मोठ्यानं हसली.

मग गावाच्या पलीकडे उतार लागला.

एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, खाली दरी आणि मध्ये वळणांमागून वळणं. सायकल आपोआप वेग घ्यायला लागली. असला वेग शैलजाला ठाऊकच नव्हता. कतारमध्ये तो मिळणार कुठे? पार्किंगमध्ये ती मुंगीच्या पावलानं उतरायची. तिनं दोन्ही ब्रेक करकचून दाबले. दुसऱ्या वळणावर बारीक खडी होती. मागचं चाक सरकलं, सायकल आडवी झाली आणि ती कशीबशी गवतात पाय टेकून उभी राहिली.  बाकीचे सूं सूं करत बाजूनं निघून गेले. ती सायकल हातात धरून तो सगळा डोंगर पायी उतरली.

खाली, पायथ्याच्या गावातल्या जुन्या धुण्याच्या दगडी हौदापाशी सगळे वाट बघत थांबले होते. ग्रुपमधला बाजीराव, पुण्याचा प्रोजेक्ट मॅनेजर, तिला बघून म्हणाला, "शैलजाताई, चढताना तर घोरपडीसारख्या चढलात. उतरताना काय झालं?"

"भीती वाटली," शैलजा म्हणाली.



संध्याकाळी, त्याच गावात ज्या छोट्या हॉटेलात मुक्काम होता तिथे, जियाद तिच्याशेजारी येऊन बसला. "उद्या याहून मोठे उतार आहेत. सामानाची गाडी आहेच बरोबर. चढ तू चढ आणि उतरताना गाडीत बस. त्यात काही कमीपणा नाही."

"नको," शैलजा म्हणाली. "तुम्ही उद्या पुढे जा. मी इथेच थांबते. हा एक उतार मला जमला, की परवा तुम्हाला गाठते."

अफशांनं हातातला काटा खाली ठेवला. "पागल हो गई हो? अकेली? यहाँ की ज़बान तक नहीं आती तुम्हें!"

"उतार कुठे फ्रेंच बोलतो?"

तिनं मधुला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ब्रेक सतत दाबून धरू नकोस. तापतात ते. दाब आणि सोड, दाब आणि सोड. आणि जमलं नाही तर?"

"जमेल."

"बरं. मग जेव नीट."

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी जियाद तिच्याबरोबर वर गेला आणि उतारावर तिच्यापुढे चालवत खाली आला. "ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. बाहेरच्या बाजूचा पाय खाली, सगळं वजन त्याच्यावर. आणि नजर तिथे ठेव, जिथे रस्ता वळणातून बाहेर पडतो. दरीकडे बघशील तर दरीकडेच जाशील." एवढं सांगून तो बाकीच्यांमागे निघून गेला. रस्त्यावर शैलजा एकटी उरली.

तिनं आख्खा उतार एकदम घेतलाच नाही. आधी फक्त पहिलं वळण. ते उतरायचं, थांबायचं, परत वर जायचं. चढणं ही तिला विश्रांतीच होती. पहिलं वळण अंगवळणी पडलं, मग दुसरं जोडलं. खडीच्या जागी ती दोनदा उतरून पायी गेली. तिसऱ्यांदा दात आवळून बसून राहिली आणि पलीकडे पोचली.

त्या वळणाशी एक म्हातारी बाई परसात वाफे खणत होती. पहिल्यांदा तिनं नुसतं वर बघितलं. नंतर खुरपं टेकून उभी राहिली. नंतर कुंपणाशीच येऊन थांबली आणि शैलजा बाजूनं गेली की काहीतरी ओरडून सांगू लागली. दुपारी तिनं हात करून थांबवलं आणि एक वाडगाभर चेरी पुढे केली.

"इंदियेन?" तिनं विचारलं.

"नाशिक," शैलजा म्हणाली. "पण राहते दोह्याला. कतार."

बाईला त्यातलं काय कळलं कोण जाणे. ती उताराकडे बोट करून खो खो हसली आणि शैलजाच्या पाठीवर थाप मारली. दोघींनी कुंपणाला टेकून चेरी संपवल्या.

उन्हं कलली तेव्हा शैलजा पुन्हा उताराच्या माथ्यावर जाऊन उभी राहिली. खाली नदी चकाकत होती. तिनं सायकल सोडली. वळण आलं, दाबलं, सोडलं, पाय खाली, नजर पुढे. सायकल झुकली आणि तीही तिच्याबरोबर झुकली, काही न ठरवता. कानांत वारा भरला. खडी आली आणि गेली. म्हातारीचं परसदार आलं, तिकडून आरोळी आली. शैलजाला हात वर करायचा होता, पण तेवढी घाई बरी नव्हे म्हणून तिनं तोंडानंच ओरडून उत्तर दिलं. एकदाही पाय न टेकता ती हौदापाशी येऊन थांबली. 

तिसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी निघाली. दरीत मोबाइलची रेंज गेली. तिनं हॉटेलातून आणलेला नकाशा रस्त्याच्या बांधावर पसरला. ग्रुप थांबणार होता त्या गावाकडे मोठा रस्ता लांबून, नदीच्या कडेनं जात होता. दोन गावं आणि एक डोंगर ओलांडून जाणारी केसाएवढी रेघ दुसरीकडे होती. तिनं रेघ निवडली. पहिल्या गावात बेकरीचा वास आणि एक झोपलेलं कुत्रं, दुसऱ्यात चर्चची घंटा आणि रिकामा चौक. वाटेत एकही मोटार नाही. डोंगराच्या माथ्यावर ती क्षणभर थांबली ती फक्त पाणी प्यायला.

खालच्या गावात आठवडी बाजार भरला होता आणि ग्रुप कॅफेबाहेर जेवायला बसला होता. शेवटचा उतार त्यांच्या नजरेसमोरच होता. अफशांला आधी लाल हेल्मेट दिसलं. ती किंचाळलीच. सगळे उठून उभे राहिले. शैलजा एकेक वळण कापत आली, चौकात वेग कमी केला आणि टेबलापाशी येऊन अलगद थांबली.

बाजीरावनं स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. "बसा, शैलजाताई. काय घेणार?"

"जे असेल ते. भूक लागलीय."

राहिलेला आठवडा ती सगळे उतार उतरली. वेगात जियादच्या मागे, पण अफशांच्या पुढे.

ऑक्टोबरात दोह्याची हवा निवळली आणि ग्रुप पुन्हा अल थुमामाला जमू लागला. पहिल्याच दिवशी शैलजा जियादच्या बाजूला सायकल घेत म्हणाली, "पुढच्या जूनचे रस्ते मी निवडणार. सगळे बारीक रेघांचे. मोठा रस्ता एकही नको."

"इन्शाल्ला," जियाद म्हणाला.

"इन्शाल्ला नको, जियाद. तारखा सांग."